पॅकिंग हाताने कापलं म्हणून पंप पाणी सोडत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत एका शेतकरी बंधूंची तक्रार वाचली. दुरुस्त करून आणलेला पंप महिन्याभरात पुन्हा पाणी सोडू लागला, म्हणजे चालता चालता पाणी ओढेनासा झाला, आणि त्याचा दोष त्यांनी मिस्त्रीच्या पॅकिंगवर, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात घालायच्या पातळ चकतीवर, ठेवला आहे. कंपनीचं न बसवता त्याने शीटमधून हाताने कापून घातलं म्हणे. असल्या जुगाडावर बंदी घाला, इथपर्यंत त्यांची मजल गेली. मी शिरोळ तालुक्यात पंप आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करतो, माझ्या दुकानात रोज पॅकिंग कापली जातात, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

पाणी सोडणं हा बहुतेक वेळा सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूचा, रोग असतो. डिलिव्हरीकडचं, म्हणजे पाणी बाहेर फेकणाऱ्या बाजूचं, पॅकिंग गेलं तर पाणी उडतं, ते कुणालाही दिसतं. सक्शनकडचं गेलं तर चालू पंपातून बाहेर थेंबही पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि माणूस सक्शन पाइपच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह काढून काढून दमतो. अशा वेळी पॅकिंग कुणी कापलं हे विचारण्याआधी मी दुसरंच बघतो. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे फ्लँजवरून, म्हणजे बोल्टने जोडायच्या सपाट तोंडावरून, निघाले होते का? काढताना छन्नीचा ओरखडा पडला का? बोल्ट समोरासमोरचे आवळले की एका ओळीने? ओळीने आवळलेल्या फ्लँजला सोन्याचं पॅकिंग घातलं तरी ती एका बाजूने तोंड उघडणारच. आणि 'जरा जाड घाला' असं गिऱ्हाईक सांगतं ना, तेही चूक. सपाट तोंडांमध्ये अर्ध्या एमएमचा ऑइल पेपर तीन एमएमच्या रबरापेक्षा चांगला धरतो. जाड माल दाबाखाली पसरतो आणि बोल्ट ढिले पडतात.

कंपनीचं मिळत असेल तर मीही तेच घालतो, त्यात कमीपणा कसला? पण ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा-पंचगंगेने तालुका बुडवला, काठावरचे पंप गाळात गेले, कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद. पाणीयोजनांचे पंपसुद्धा बुडालेले, म्हणजे चहूकडे पाणी आणि प्यायला टँकर. पूर ओसरल्यावर बुडालेला प्रत्येक पंप उघडावाच लागतो आणि उघडला की जुनं पॅकिंग फाटतं. शहरातून माल यायला रस्ता नव्हता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. शिवाय आमच्याकडे निम्मे पंप असे येतात, की त्यांचं मॉडेल बंद होऊन जमाना झाला. त्यांचं पॅकिंग कुठल्या पेटीतून आणायचं?

कात्रीने कापून खिळ्याने भोकं पाडलेलं पॅकिंग मात्र मीही हातात घेणार नाही. बंधूंच्या नशिबी तसलं आलं असेल तर त्यांचा राग रास्त आहे. फरक अवजारात असतो आणि पॅकिंगची अवजारं आम्ही स्वतः करतो. शीटमध्ये गोल भोक पाडणाऱ्या पोकळ पंचचा सेट बाजारात मिळतो, पण त्यात नेमकं हवं ते माप नसतं आणि स्वस्तातल्या पंचची धार जाड शीटवर मुडपते.

माझे सगळ्यात टिकाऊ पंच जुन्या पिस्टन पिनांचे, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनांचे, आहेत. पिन पोकळ आणि कडक केलेली असते. एका टोकाला ग्राइंडरवर बाहेरून उतार द्यायचा, पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत, कारण कड निळी पडली की तिचा कडकपणा गेला. उतार बाहेरूनच हवा. आतून दिला तर कापलेली टिकली आत अडकते आणि पुढच्या ठोक्यांनी पंच चिरतो. लहान मापांसाठी सिल्व्हर स्टीलचा, म्हणजे तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाचा, रॉड लेथवर घेतो. समोरून हव्या मापाचं भोक, मागून त्याहून थोडं मोठं, म्हणजे टिकली वर सरकते, आणि बाजूला एक खिडकी, जिच्यातून ती तारेने बाहेर काढता येते. मग पाणी द्यायचं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायचं. गॅसच्या ज्योतीत लाल करून लोहचुंबक लावून बघायचा. चुंबक धरेनासा झाला, की अजून किंचित तापवून सरळ उभा पाण्यात. एवढ्यावर थांबलात तर पहिल्याच ठोक्याला कड तुटेल. तव्यावर वाळू तापवून त्यात पंच उभा ठेवायचा, धार वर. घासून चकचकीत केलेल्या कडेवर आधी पिवळा रंग चढतो, मग तपकिरी. तपकिरी आला की काढायचा. शेगडी दुकानातच ठेवा, घरच्या तव्यावर हे केल्यास होणाऱ्या परिणामांना मी जबाबदार नाही.

पंचखाली ऐरण कधीच नको. बाभळीच्या ओंडक्याचं आडवं कापलेलं तोंड किंवा शिशाची लादी, दोन्हींवर धार टिकते.

गोल पॅकिंगसाठी फूटभर लोखंडी पट्टी, तिच्यावर सरकणारे आणि स्क्रूने अडणारे दोन ठोकळे. एकात टोकदार पिन, दुसऱ्यात मोडक्या हॅक्सॉ पात्याचा तुकडा, सुरीसारखा घासलेला. एका दमात कापायला जाऊ नये, हलक्या हाताने चार-पाच फेरे द्यावेत. आधी बाहेरचं वर्तुळ, मग आतलं. उलट केलं तर केंद्रच निघून हातात येतं. बोल्टची भोकं मात्र त्याही आधी, शीट मोठी असतानाच पाडायची, म्हणजे कड फाटत नाही. आणि आतलं वर्तुळ पाण्याच्या वाटेपेक्षा जरा मोठंच ठेवायचं, वाटेत डोकावणारी कड प्रवाह अडवते.

आकार वेडावाकडा असेल तर फ्लँजला पातळ ग्रीस लावून शीटवर ठसा घेतो. भोकांसाठी एक युक्ती बेअरिंगच्या छऱ्याची. फ्लँजवर शीट धरायची, भोकावर छर्रा ठेवायचा, वर हातोडीचा एकच ठोका. भोक नेमकं जागेवर पडतं. दोन भोकं झाली की त्यांत बोल्ट घालून शीट पक्की करायची आणि बाकीची पाडायची. हे बिडाच्या फ्लँजवर आणि कागद किंवा कॉर्कवर ठीक. ॲल्युमिनियमच्या कव्हरवर केलंत तर भोकाची कडच बसेल, तिथं ठसाच घ्यावा.

काही ठिकाणी हातचं पॅकिंग घालूच नये, हेही त्या बंधूंच्या बाजूने सांगतो. इंजिनच्या हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, पॅकिंग तयारच घ्यावं. सिलिंडरखालच्या पॅकिंगची जाडी हा तर हिशेबाचा भाग आहे. ती बदलली की पिस्टन आणि हेडमधली फट बदलते, मग इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, नाहीतर पिस्टन हेडला ठोकतो. डिझेल फवारणाऱ्या नोझलखालचा तांब्याचा वॉशर मात्र लाल करून पाण्यात टाकला की मऊ होऊन पुन्हा वापरता येतो, पोलादाच्या बरोब्बर उलट.

बंदीच मागायची तर ती दुसऱ्या गोष्टीवर मागा. पॅकिंग कापायची जॉइंटिंग शीट दुकानात घ्यायला गेलं, की तिच्यात ॲस्बेस्टॉस हे तंतूंचं खनिज आहे का हे कुणी सांगत नाही. देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ मध्ये थांबलं, पण परदेशातून माल येतोच आहे. त्याच्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात, कॅन्सर होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसवर काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्य तपासणीबद्दल आणि भरपाईबद्दल निकाल दिला, पण मालक आणि एक पोरगा असलेल्या दुकानात तो कोण पोचवणार? पोरगं जुनं पॅकिंग वायर ब्रशच्या चाकाने उडवतं आणि वरून हवा मारतं. माझ्याकडे ते बंद आहे. जुनं पॅकिंग पाणी मारून, ओलं करून, बोथट पट्टीने काढायचं आणि फडकंही ओलंच वापरायचं. फ्लँजच्या कडेवर हातोडी आपटत शीट कापण्याची जुनी पद्धतही सोडली, ती धूळ करते आणि कडही खराब करते.

ॲस्बेस्टॉस नसलेली शीट मिळते, थोडी महाग पडते. माझी मागणी एवढीच, की प्रत्येक शीटवर ती कशाची आहे हे मराठीत छापावं, आणि आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना पंच करणं, पाणी देणं आणि पॅकिंग कापणं प्रत्यक्ष हाताने करायला लावावं. सध्या माझ्याकडे शिकायला येणारी पोरं सर्टिफिकेट घेऊन येतात आणि पहिलं पॅकिंग कात्रीने कापतात.

त्या बंधूंनी पंप घेऊन एकदा यावं. सक्शनचं तोंड आधी आपण दोघं मिळून सरळ पट्टी लावून बघू.

आपला,
पंप दुरुस्ती करणारा एक वाचक,
कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर