टेप कुठे धरली, तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या लग्नसराई पुरवणीत शेवटचं अख्खं पान एका स्लिमिंग क्लिनिकच्या जाहिरातीचं होतं. ऑपरेशन नाही, व्यायाम नाही, आणि लग्नाआधी कंबर पाच इंच कमी. इंच हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. गोकुळपेठेत सत्तावीस वर्षं ब्लाउज आणि लेहंगे शिवते, म्हणून हे पत्र.

दिवाळीनंतर एक मुलगी आईला घेऊन लेहंगा शिवायला आली. लग्नाला पाच आठवडे होते. कंबर ३४ भरली. तर म्हणते, "काकू, ३१ च धरा. फॅट फ्रीझिंगचं पॅकेज घेतलंय, तीन इंच जाणारच, लिहून दिलंय त्यांनी." फॅट फ्रीझिंग म्हणजे मशीननं चरबी गारठवून मारणं. लिहून दिलेला कागद मागून पाहिला, तर ती चाळीस हजारांची पावती होती. मी तिच्या समाधानासाठी शिलाई ३१ वर मारली, पण कापड कापलं नाही. सगळी माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, आत दाबून ठेवली.

त्यानंतर तिचे दिवस कसे गेले सांगू? सकाळी क्लिनिक, संध्याकाळी केळवण. एका आत्याकडे वडाभात, दुसऱ्या मावशीकडे पुरणपोळी. नाही म्हटलं तर माणसं रागावतात. लग्नाच्या आठ दिवस आधी ती क्लिनिकचं कार्ड घेऊन ट्रायलला आली. कार्डावर आधी ३५ आणि आता ३२. माझ्या टेपवर साडेतेहतीस.

मी विचारलं, त्यांनी माप कसं घेतलं? पहिल्या दिवशी संध्याकाळी, कुर्त्यावरून, बेंबीवर. शेवटच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, उघड्या अंगावर, बेंबीच्या दोन बोटं वर, आणि वर "श्वास आत घ्या मॅडम". अहो, एवढं करायला मिळालं तर मशीनशिवाय मी कोणाचीही कंबर दोन मिनिटांत दोन इंच बारीक करून दाखवते! आमच्या धंद्यात पोरगी शिकायला लागली की पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. टेप एकाच जागी, एकाच ताणानं, आणि गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं म्हणजे ती श्वास रोखत नाही.

हे तंत्रच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला ते नीट समजावलं. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल तेल बाटलीत गोठतं, पण शेजारच्या तांब्यातलं पाणी पाणीच राहतं. तसंच कातडीखालची चरबी बाकीच्या पेशींपेक्षा लवकर गारठते आणि मरते. बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातली चरबी थंडीनं दुखावते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. त्यावरून हार्वर्डच्या डीटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन या डॉक्टरांनी हे तंत्र काढलं, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं कमरेच्या बाजूच्या वळ्यांसाठी त्याला परवानगी दिली.

पण खरा हिशेब ऐका. मशीन जेवढी वळी ओढून धरतं, तेवढ्याच जागेतला चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्के कमी होतो. म्हणजे चार सेंटिमीटरचा तीन. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू बाहेर काढतं, म्हणून पूर्ण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. मग पाच आठवड्यांत लग्न असलेल्या मुलीला हे पॅकेज कोणत्या तोंडानं विकलं? वजन त्यानं उतरत नाही. आतड्यांभोवतीची, पोट खरं पुढे आणणारी चरबी तर मशीनच्या हाती लागतच नाही. उलट क्वचित कोणाची त्या जागची चरबी कमी होण्याऐवजी वाढून घट्ट होते. लिंडा इव्हान्जेलिस्टा या प्रसिद्ध मॉडेलनं स्वतःच्या बाबतीत असं झाल्याचं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं. आमच्या लेहंगेवाल्या मुलीला हे कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर पहिल्या दिवशी सहीपुरते दिसले, मशीन लावलं ते गणवेशातल्या एका पोरीनं. पोटावर बशीएवढा लाल डाग आणि पंधरा दिवस बधिरपणा. आई तक्रार घेऊन गेली, तर उत्तर मिळालं, "प्रत्येकाची बॉडी वेगळी रिस्पॉन्ड करते." मग गॅरंटी सगळ्यांना एकच कशी?

बारीक दिसावंसं वाटणाऱ्या मुलींना मी नावं ठेवत नाही. माझं दुकान त्याच हौसेवर चालतं. पैसे द्यायचेच तर मशीनचं नाव, ते कोण चालवणार आणि माप कुठे, कसं, कोणत्या वेळी घेणार, एवढं कागदावर घ्या, आणि माप घेताना फोटोत टेप दिसू द्या. फसलात तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडेही मागणं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. आतल्या पानावर तुम्ही भोंदूबाबांवर अग्रलेख लिहिता आणि मागच्या पानावर पाच इंच विकता. इंचाचा दावा छापायचा असेल तर किती महिन्यांत, आणि टेप कुठे धरून, तेही त्याच अक्षरात छापायला लावा.

लेहंगा हळदीच्या आदल्या रात्री उसवला, पुन्हा ३४ वर आणला. त्या मुलीची मी घेतलेली मापं, तारखांसकट, माझ्या वहीत आहेत. तिची हरकत नाही. तुमच्या जाहिरात विभागातल्या कोणाला पाहायची असतील तर सोमवार सोडून दुकान उघडं असतं.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक
गोकुळपेठ, नागपूर