आधी तालीम, मग मैदान: कोल्हापूरच्या ग्रां प्री ट्रॅकबाबत क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात फॉर्म्युला वन ही मोटारींची किंवा मोटोजीपी ही दुचाकींची जागतिक शर्यत आणू, असे कुणी जाहीर केले की टाळ्या पडतात. ती शर्यत इथे व्हावी असे आम्हालाही मनापासून वाटते. म्हणूनच विनंती आहे की यजमानपदाचा करार सर्वांत शेवटी करा. जमीन, कराचा निर्णय आणि माणसे ही कामे आधी हातात घ्या. खासबागेत मोठी कुस्ती लागते, ती तालमीत वर्षानुवर्षे घाम गाळलेली पोरे असतात म्हणून.

फॉर्म्युला वनसाठी ट्रॅकला एफआयएचा, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक महासंघाचा, ग्रेड १ हा सर्वोच्च परवाना लागतो. लांबी किमान साडेतीन किलोमीटर, सरळ पट्टा दोन किलोमीटरच्या आत, रुंदी किमान १२ मीटर, स्टार्टच्या जागी १५ मीटर आणि तिथून पहिल्या वळणापर्यंत निदान २५० मीटर. नोएडाजवळचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे. नकाशावर एवढी जागा शिरोळ-हातकणंगल्याकडेही सहज दिसेल, पण तिथे खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटा धरतो. ती लाट एसटीच्या प्रवाशाला जाणवणारही नाही. ताशी ३०० किलोमीटरने धावणाऱ्या आणि जमिनीपासून काही सेंटिमीटरच उंच असलेल्या गाडीचा तळ मात्र त्याच लाटेवर आपटतो, आणि नेमका ब्रेक दाबताना टायर जमीन सोडतो. काळी माती असेल तर ती उकरून काढून मुरूम भरावा, नाहीतर चुना मिसळून ती स्थिर करावी. भराव पाणी मारत, थराथराने रोलरखाली दाबावा आणि डांबर टाकण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा तसाच बसू द्यावा. हा एक पावसाळा वाचवायचा मोह होईल. कृपया वाचवू नका.

महापूरही लक्षात घ्यावा लागेल. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. ट्रॅक कोरडा आणि रस्ता बुडालेला, असे चालणार नाही. त्यामुळे कागलच्या बाजूचा उंच, मुरमाड माळ आधी तपासावा असे आमचे मत आहे.

डांबराचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. दक्षिण कोरियात २०१० साली येओंगाम ट्रॅकला अंतिम मंजुरी मिळाली १२ ऑक्टोबरला आणि शर्यत होती २४ तारखेला. म्हणजे डांबर ताजेच होते. ताज्या डांबरातले हलके तेल पृष्ठभागावर येते आणि पकड जाते. त्यात शर्यतीच्या दिवशी पाऊस आला. सुरुवात सेफ्टी कारमागे, म्हणजे सर्वांना संथ वेगात ठेवणाऱ्या गाडीमागे, करावी लागली आणि तरीही शर्यत मध्येच थांबवावी लागली. खडीचेही तसेच. आपल्या खाणींतला बेसाल्ट भक्कम आहे, पण टायरखाली घासून तो किती गुळगुळीत होतो, हे प्रयोगशाळेतच कळते. बहरीनने ट्रॅकसाठी खडी इंग्लंडमधल्या श्रॉपशरहून जहाजाने आणली होती, यावरून तिचे महत्त्व ध्यानात यावे.

आता वैद्यकीय बाजू. जखमी चालकाला नेमलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचवता येत नसेल, तर गाड्या ट्रॅकवर सोडतच नाहीत. २०१७ मध्ये शांघायला हेलिकॉप्टर रुग्णालयापाशी उतरू शकत नव्हते आणि २०२० मध्ये न्यूरबर्गरिंगला धुके होते, म्हणून सराव रद्द झाले. आपल्याकडे हिवाळ्यात पंचगंगेच्या खोऱ्यात सकाळी धुके असते. तेव्हा वेळापत्रक दुपारचे हवे. मेंदूची शस्त्रक्रिया आणि जळीत उपचार होणाऱ्या रुग्णालयाजवळ हेलिपॅडही हवा. तो शर्यत नसतानाही जिल्ह्याच्या कामी येईल.

नोएडाचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवा. तिथे २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या. ट्रॅक उत्तम होता. घोडे अडले ते हा खेळ की करमणूक, या करवादात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सर्किट हे फॉर्म्युला वनचे हक्क असलेल्या परदेशी कंपनीचे भारतातले कायमस्वरूपी व्यवसायाचे ठिकाण मानले आणि तिचे उत्पन्न इथे करपात्र ठरवले. आता जीएसटी आहे, तरी खेळ म्हणून मान्यता, गाड्या आणि सुट्या भागांची तात्पुरती आयात आणि संघांचे व्हिसा यांवर केंद्राची लेखी हमी करारापूर्वीच मिळवा. २०२३ च्या भारतीय मोटोजीपीच्या वेळी व्हिसाच्या घोळाने संघांचे किती हाल झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. मालाचेही बघावे लागेल. मोठी मालवाहू विमाने कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरू शकत नाहीत. माल गोव्यातल्या मोपा विमानतळावरून किंवा मुंबईहून ट्रकने येईल आणि तेवढे दिवस वेळापत्रकात धरावे लागतील.

माणसांच्या बाबतीत मात्र कोल्हापूर रिकाम्या हाताने उभे नाही. इथल्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या शर्यती-गाड्यांच्या, ट्रॅकवर राष्ट्रीय फेऱ्या झाल्या आहेत. कृष्णराज महाडिक इथूनच ब्रिटिश फॉर्म्युला-३ पर्यंत गेला. उद्यमनगरात कास्टिंग आणि मशीनिंग जाणणारे हात आहेत. कमतरता मार्शलांची, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या आणि अपघातात धावून जाणाऱ्यांची, आहे आणि ते शेकड्यांनी लागतात. त्यांच्या दोन पोस्टमधले (उभे राहण्याच्या ठिकाणांमधले) अंतर ५०० मीटरपेक्षा जास्त नसावे आणि एका पोस्टवरून पुढचे दिसले पाहिजे. एक मार्शल येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून मागच्या वेगवान गाडीला वाट द्या सांगणारा निळा झेंडा धरतो, दुसरा पुढच्या वळणाकडे बघत धोक्याचा पिवळा. दोघे एकमेकांची पाठ राखतात. हे पुस्तक वाचून येत नाही. दरवर्षी इथली मुले चेन्नई आणि कोईमतूरच्या शर्यतींना पाठवा. आयटीआयचे विद्यार्थी त्यासाठी योग्य ठरतील.

ट्रॅकची आखणी आणि जमीन पहिल्या दिवसापासून ग्रेड १ ची घ्या. बांधकाम मात्र आधी फॉर्म्युला-४ ही खालच्या पायरीची मोटारशर्यत, दुचाकी शर्यती आणि वाहन कंपन्यांच्या चाचण्यांपुरते करा, म्हणजे ट्रॅक वर्षभर कमावता राहील. मोठे स्टँड नंतर बांधता येतात, खालची माती नंतर बदलता येत नाही.

या पावसाळ्याआधी निवडक तीन जागांवर बोअर घेऊन मातीचे नमुने तपासावेत आणि अहवाल जाहीर करावा, एवढी पहिली मागणी. तो अहवाल तपासून लेखी अभिप्राय द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
कोल्हापुरातील मोटारस्पोर्टची तांत्रिक मंडळी