पाइपांच्या फोम आवरणावरील दिशाभूल करणाऱ्या मजकुराबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बाहेरच्या खोलीतील पाइप व पंप फुटल्याबद्दल भरपाई मिळणे आणि पाकिटावरील दावा मागे घेणे

महोदय,

हिवाळ्याच्या तोंडावर मी आपल्या कंपनीचे पाइपांवर चढवायचे फोमचे आवरण घेतले. घरामागे आमची एक सुटी खोली आहे. तिथे कपडे धुण्याचे यंत्र, मोरी आणि पाण्याचा छोटा पंप आहे. हीटर नाही, रात्री कुणी झोपतही नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत छापले आहे की हीटर नसलेल्या खोलीतही पाइप गोठणार नाहीत, पाणी काढून ठेवण्याची गरज नाही. हे दुसरे वाक्य वाचूनच मी ते विकत घेतले. दर वर्षी मी घरातला कॉक बंद करून तिकडची लाइन रिकामी करत असे. यंदा केली नाही.

सलग तीन रात्री कडाक्याची थंडी पडली आणि चौथ्या सकाळी त्या नळाला पाणी आले नाही. दुपारी ऊन तापल्यावर बर्फ वितळला आणि नळाच्या मागे उभ्या चिरलेल्या पाइपातून संध्याकाळपर्यंत पाणी वाहत राहिले. पंपाच्या बॉडीलाही तडा गेला आहे.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की आवरण नीट बसवले नसेल. प्लंबरने ते माझ्यासमोर कापून काढले. सांधे टेपने बंद होते, एल्बो म्हणजे पाइपाची वळणेही झाकलेली होती. फोटो सोबत जोडले आहेत. आवरण बसवण्यात काही चूक नव्हती, चूक आपल्या दाव्यात आहे.

फोम ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब निघून जायला फक्त वेळ लावतो. माणसाने घोंगडी पांघरली तर ऊब राहते, कारण ती अंगातून येत असते. दगडावर घोंगडी टाकली तर थोड्या उशिराने का होईना, दगड हवेइतकाच गार होतो. रात्रभर पाइपात साचून राहिलेले पाणी त्या दगडासारखेच. एखाद्या रात्रीपुरते आवरण तारून नेईलही, सलग तीन रात्री नाही.

त्यात आपले माहितीपत्रक म्हणते, नळ घट्ट बंद ठेवा. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही, दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो, पुष्कळदा बर्फापासून दूरच. माझ्याकडे पाणी गोठले ते भिंतीच्या फटीपाशी आणि पाइप फुटला नळाजवळ. लाइन रिकामी असती आणि नळ उघडा असता तर फुटायला काही उरलेच नसते.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे घडली. मी तक्रार केल्यावर प्रतिनिधीने आपलीच गरम करणारी वायर घ्यायला सुचवले आणि ती फोमवरून, जास्त थंडी असेल तिथे दुहेरी गुंडाळा असे सांगितले. वायर पाइपाला चिकटून, फोमच्या आत असायला हवी. शिवाय आपल्याच पुस्तिकेनुसार ती सर्वत्र सारखी उष्णता देणारी आहे. अशी वायर स्वतःवरून गेली तर त्या जागी जास्त तापून आग लागू शकते. हा सल्ला आणखी किती ग्राहकांना दिला आहे, याची चौकशी कृपया आजच करावी.

पाइप, पंप आणि प्लंबरच्या मजुरीचा खर्च मला मिळावा. बिले जोडली आहेत. पाकिटावरचे ते वाक्य काढून तिथे स्पष्ट लिहावे: हीटर नसलेल्या खोलीत पुरवठा आतून बंद करा, लाइन सर्वांत खालच्या जागी उघडून रिकामी करा, पंपाचा तळाचा प्लग काढा. बॉल व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत भोक असलेला गोळा फिरवून उघडणाऱ्या कॉकच्या, पोटातही पाणी राहते, म्हणून लाइन रिकामी झाल्यावर तो अर्धवट उघडा ठेवायला सांगा. मोरीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या पाणी साचून राहणाऱ्या वळणात, ओतायला प्रोपिलीन ग्लायकॉलचे, नळांच्या कामासाठी बनवलेले गोठणरोधक द्रावण सुचवा. गाडीचे कूलंट कुणी ओतू नये, त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे.

फुटलेला तुकडा मी जपून ठेवला आहे, आपला तंत्रज्ञ येऊन पाहू शकतो. उत्तर लेखी आणि पंधरा दिवसांत हवे. दुकानांत असलेल्या पाकिटांवरचा तो मजकूर मात्र त्याआधीच झाकावा, थंडीचे काही आठवडे अजून बाकी आहेत.

आपला ग्राहक

सोबत: फोटो, खरेदीची पावती, दुरुस्तीची बिले