एक्स्टेंशन १०१ कोणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी कार्यालयात, पतपेढीत किंवा रुग्णालयात फोन केला तर तो नुसता वाजत राहतो, नाहीतर ‘थांबा, देतो’ म्हणता म्हणता कट होतो, ही तक्रार वाचकांच्या पत्रांत नेहमीची आहे. दोष कर्मचाऱ्यांच्या माथी जातो आणि काही वेळा तो खराही असतो. पण ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइन कार्यालयातल्या टेबलाटेबलावरच्या फोनना, म्हणजे एक्स्टेंशनना, जोडणारे यंत्र) बसवताना जी मांडणी केली तिच्याकडे नंतर कोणी पाहिलेलेच नाही, असेही पुष्कळदा असते. देखभालीचा माणूस येतो, रिसीव्हर कानाला लावतो, टोन आहे म्हणतो आणि सही घेऊन जातो.

सर्वांत गंभीर गोष्ट आधी. अनेक कार्यालयांत एक्स्टेंशनचे क्रमांक १०१ पासून सुरू होतात. १०१ साहेबांची केबिन, १०२ लेखा विभाग, असे करत १०८ आणि ११२ सुद्धा कुणाच्या तरी टेबलावर येतात. आग लागल्यावर कुणी टेबलावरच्या फोनवरून १०१ लावला तर घंटा अग्निशमन दलाकडे वाजत नाही, केबिनमध्ये वाजते. बाहेरची लाइन घ्यायला आधी ० लावायचा असतो, हे धुरात उभ्या असलेल्या माणसाने लक्षात ठेवावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. २०१३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीतून नऊ वर्षांच्या मुलीने आईसाठी ९११ हा तिथला आणीबाणीचा क्रमांक पुन्हा पुन्हा लावला. आधी ९ लावावा लागतो हे तिला ठाऊक नव्हते, आणि आई वाचली नाही. त्यातून त्या आईच्या नावाचा ‘करीज लॉ’ हा कायदा २०१८ मध्ये झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर तिथे बसवलेल्या यंत्रणेत ९११ थेट लागलाच पाहिजे.

आपल्याकडे हे करायला कायद्याची वाट पाहायला नको. एक्स्टेंशनची मालिका २०१ किंवा ३०१ पासून घ्यावी आणि १ ने सुरू होणारे सगळे क्रमांक मोकळे सोडावेत. मग १००, १०१, १०८ आणि ११२ हे क्रमांक आणीबाणीच्या यादीत भरायचे, म्हणजे ० न लावता ते थेट बाहेरच्या लाइनवर जातील. एसटीडी बंद केलेल्या एक्स्टेंशनवरूनही ते लागतात का, हे वेगळे तपासावे, कारण नेमके तिथेच ते अडतात. रुग्णालय किंवा महाविद्यालयाचा आवार मोठा असेल तर नियंत्रण कक्षाला लाइनचा नोंदवलेला पत्ताच दिसणार, इमारत नाही. म्हणून असा फोन लागताच सुरक्षारक्षकाच्या टेबलावरही घंटा वाजेल अशी सोय असल्यास ती चालू करावी.

याच ० चा आणखी एक घोळ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो. म्हणजे ऑफिसमधून दोनदा ०: एक लाइन घ्यायला, दुसरा मोबाइलसाठी. ज्या एक्स्टेंशनवर एसटीडी रोखायला ‘० बंद’ असा जुना नियम घातला होता, तिथे मोबाइलही बंद झाले. मोबाइलसाठी ०६ ते ०९ तेवढे उघडून भागत नाही, कारण नागपूरचा ०७१२ आणि गोव्याचा ०८३२ त्यातच येतात. आता एसटीडी रोखण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. ० मोकळा करावा आणि परदेशी कॉलचा ०० तेवढा बंद ठेवावा.

आता कॉल मध्येच तुटण्याबद्दल. ट्रान्सफर करताना पाळणा (रिसीव्हर ठेवायच्या जागेची खटकी) हाताने दाबायची सवय जाता जात नाही. साधारण ६०० मिलिसेकंदांच्या तुटीला यंत्र ‘फ्लॅश’, म्हणजे ट्रान्सफरची खूण, समजते. बोट सेकंदभर रेंगाळले की फोन खाली ठेवला असे धरून कॉल सोडून देते. फोनवरचे फ्लॅशचे बटणच वापरावे. ते दाबले की वेगळा टोन येतो, मग एक्स्टेंशन लावायचे, समोरचा बोलला की त्याला कोण आहे ते सांगून रिसीव्हर ठेवायचा. तिकडे कुणी उचलले नाही तर पुन्हा फ्लॅश दाबून बाहेरच्या माणसाकडे परत यायचे. बटण दाबूनही कट होत असेल तर फोनची आणि यंत्राची फ्लॅशची वेळ जुळत नाही, ती जुळवून घ्यावी. न विचारता कॉल पुढे ढकलायचाच असेल तर ३० ते ४५ सेकंदांनी तो ऑपरेटरकडे परत येईल अशी नोंद हवी. ती नसल्यास कॉल रिकाम्या टेबलावर वाजत राहतो आणि विझतो.

शेजारच्या टेबलावरचा फोन उठून न जाता घेण्यासाठी पिकअप कोड असतो. तो प्रत्येक बनावटीचा वेगळा, म्हणून फोनवर चिकटवून ठेवावा. मात्र अख्खे कार्यालय एका गटात घालू नये. दोन फोन एकदम वाजले की भलताच कॉल हाती येतो. खोलीगणिक गट बरा.

‘सतत वाजतो, उचलत नाहीत’ याचे एक कारण हंटिंगमध्ये दडलेले असते. चार लाइन एका मुख्य क्रमांकावर जोडल्या की एक्स्चेंज पहिली मोकळी लाइन शोधते. तिची तार तुटली असेल तरी एक्स्चेंजला ती मोकळीच दिसते. कॉल तिच्यावर जाऊन थांबतो, करणाऱ्याला रिंग ऐकू येते आणि ऑफिसात शुकशुकाट! आठवड्यातून एकदा चारही क्रमांक मोबाइलवरून वेगवेगळे लावून पाहावेत.

याच्या उलट, लाइन दिवसभर एंगेज लागत असेल तर टेलिफोन कंपनीला दोष देण्याआधी ती जोडणीच्या पेटीतून सोडवून साध्या फोनला लावावी. टोन आला तर दोष यंत्रात. साध्या (अ‍ॅनालॉग) लाइनवर पलीकडच्याने फोन ठेवल्याची खूण बहुधा एंगेज टोनवरूनच घ्यावी लागते. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. आयात केलेल्या आयपी (इंटरनेटच्या तंत्रावर चालणाऱ्या) यंत्रात कधी अमेरिकी मांडणी तशीच राहते: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद. मग यंत्राला टोन ओळखता येत नाही आणि ते लाइन धरून बसते. साहेबांचा फोन मोबाइलवर फॉरवर्ड केलेला असेल तर एका कॉलला दोन लाइन लागतात, असे दोन कॉल झाले की चारही संपल्या. फॉरवर्डला वेळेची मर्यादा घालावी, आणि रजेवरून आल्यावर तो रद्द करण्याचा कोड शिपायालाही ठाऊक असावा.

तांब्याची लाइन जाऊन फायबर आली असेल तर वीज गेल्यावर थेट फोनला जोडली जाणारी राखीव लाइन निरुपयोगी होते, कारण फायबरच्या डब्यालाच वीज लागते. त्याला आणि ईपीएबीएक्सला एकाच यूपीएसवर घ्यावे.

देखभालीच्या करारात टोनसोबत ही चाचणी लिहून घ्यावी: ट्रान्सफर परत येतो का, आणीबाणीचे क्रमांक लागतात का (नियंत्रण कक्षाला आधी कळवून), प्रत्येक लाइन वाजते का, फोन ठेवल्यावर लाइन सुटते का. प्रोग्रामिंगचा पासवर्ड आणि एक्स्टेंशनचा तक्ता कार्यालयाच्या फाइलमध्ये असावा. कंत्राटदार बदलला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला की नवा माणूस यंत्र कारखान्याच्या मांडणीवर आणतो आणि वर सांगितलेले सगळे पुसले जाते.

– टेलिफोन यंत्रणा देखभालीतील एक तंत्रज्ञ, सांगली