खोकी आली, आता हात हवेत

आमच्या स्थानिक इतिहास दप्तराच्या मागच्या खोलीत सध्या पाय ठेवायला जागा नाही. कुणाचं घर मोकळं होतं, कुणी दुकान आवरतं, एखादी जुनी संस्था गुंडाळली जाते आणि तिथले कागद आमच्याकडे येतात. पत्रं, रोजकीर्दी, सभांची इतिवृत्तं, नकाशे, नावं नसलेले फोटो, दोऱ्याने बांधलेल्या पावत्या. पोच दिली, दाखल-नोंदवहीत क्रमांक पडला, की देणारा निश्चिंत होतो. आमचं काम मात्र तिथून सुरू होतं आणि खरं सांगायचं तर बहुतेक खोक्यांच्या बाबतीत ते तिथेच थांबलेलं आहे. न उघडलेलं खोकं माळ्यावर असलं काय आणि आमच्याकडे असलं काय, वाचायला येणाऱ्याला सारखंच.

त्यासाठीच हे आवाहन. आम्हाला आज नवे कागद नकोत, आहेत ते मार्गी लावायला माणसं हवीत.

‘लावणं’ म्हणजे काय, याबद्दल गैरसमज फार. विषयवार गठ्ठे करा, तारखेवार लावा, झालं, असं बहुतेकांना वाटतं. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटत होतं. उत्साहाच्या भरात आम्ही एका कुटुंबाच्या दप्तरातले सगळे फोटो एका बाजूला आणि पत्रं दुसऱ्या बाजूला केली. नंतर एका पत्रात वाक्य सापडलं, ‘सोबत फोटो पाठवत आहे.’ कोणता फोटो? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ज्या पाकिटात तो होता, त्यातून तो आम्हीच काढला होता.

ही चूक जगात आमच्याआधी पुष्कळांनी केली आहे. फ्रान्समध्ये 1841 साली सरकारी फर्मान निघालं, की एका संस्थेचे किंवा घराण्याचे कागद एकत्रच ठेवावेत, दुसऱ्यांत मिसळू नयेत. पुढे 1898 साली तीन डच दप्तरदारांनी या कामाचे नियमच लिहून काढले; कागद मूळ मालकाने ज्या क्रमाने ठेवले तो क्रम शक्यतो मोडू नये, हा त्यातला मुख्य. एखाद्या व्यापाऱ्याने उधारीच्या पावत्यांमध्ये भावाचं पत्र ठेवलं असेल, तर ते तिथे का आहे हीसुद्धा माहितीच असते. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मदतनिसाला पहिले काही दिवस काहीच ‘लावायला’ मिळत नाही. खोकं उघडायचं, फोटो काढायचा, वरून खालपर्यंत काय आहे ते उतरवून घ्यायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण हे नीट झालं नाही तर पुढचं सगळं फुकट.

त्यानंतर हातांचं काम येतं. गंजलेल्या टाचण्या आणि पिना अलगद सोडवायच्या, रबरबँड काढायचे, घड्या उलगडायच्या. चिकटपट्टी मात्र ओढायची नाही. ती बाजूला ठेवून जाणकाराला दाखवायची. वर्तमानपत्राचं कात्रण पत्राला चिकटून असेल तर मध्ये कोरा आम्लरहित कागद घालायचा, कारण लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदातलं आम्ल शेजारच्या पानालाही तपकिरी करतं. त्यापेक्षा कितीतरी जुना, चिंध्यांपासून केलेला कागद पुष्कळदा अजून धडधाकट असतो, हे पाहून नव्या माणसाला दरवेळी आश्चर्य वाटतं. कसर, वाळवी किंवा बुरशीची शंका आली की ते खोकं वेगळ्या खोलीत. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर लगेच सांगायचं. ती फिल्म विघटित होऊ लागलेली असते आणि तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते.

आठवड्यातून दोन तास देणारा नियमित माणूस आम्हाला एका दिवसाच्या पन्नास माणसांपेक्षा मोलाचा वाटतो. शिकवणं आमच्याकडे. अक्षर वाचनीय हवं, घाई नसावी आणि वाचलेलं बाहेर बोलू नये. खाजगी पत्रांत आजारपणं असतात, भांडणं असतात, आणि त्यातली माणसं किंवा त्यांची मुलं आजूबाजूलाच राहत असतात. जुनी लिपी वाचणारे आणि यादी संगणकावर चढवणारे तर हवेतच. ज्येष्ठांनी नुसतं बसून फोटोंतले चेहरे ओळखले तरी ते मोठं काम होईल, कारण ती माहिती कुठल्याच कागदावर नाही.

ज्यांना वेळ नाही त्यांनी वस्तू किंवा पैसे द्यावेत. आम्लरहित खोकी व फोल्डर, फोटोंसाठी पॉलिएस्टरची पाकिटं (पीव्हीसीची नकोत, त्यातून निघणारी रसायनं फोटो खराब करतात), लोखंडी फडताळं आणि खोलीतला दमटपणा मोजायचं एक उपकरण. स्कॅनर मागत नाही, याचं काहींना नवल वाटेल. यादीच नसलेल्या कागदांचं स्कॅनिंग केलं, तर कागदांच्या ढिगाऱ्याशेजारी फायलींचा दुसरा ढिगारा उभा राहतो, एवढंच.

पुढेमागे ज्यांना आपल्या घरचे कागद द्यायचे आहेत, त्यांना एक विनंती. आमच्यासाठी आवरून ठेवू नका. गेल्या खेपेला एका कुटुंबाने फार प्रेमाने सगळी पत्रं तारखेवार लावून आणली आणि जागा वाचावी म्हणून पाकिटं टाकून दिली. पत्ते आणि टपालाचे शिक्के त्यांच्याबरोबर गेले. जसं आहे तसं द्या, धुळीसकट. सोबत हे कागद कुणाचे, कुठे ठेवलेले होते आणि कुणाच्या हातून तुमच्याकडे आले, एवढं अर्ध्या पानात लिहून द्या. दानपत्रावर सही करण्याआधी आमच्याशी बोला. कागद आमच्याकडे आले म्हणजे त्यातल्या मजकुराचा हक्कही आपोआप येतो असं नाही, आणि काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायचा असेल तर तेही त्यात लिहिता येतं.

पुढचं उघडायचं खोकं एका बंद पडलेल्या छापखान्याचं आहे. वरच ऑर्डरींची वही दिसते, खाली काय आहे ठाऊक नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. येताना पेन आणू नये. इथे फक्त पेन्सिल चालते, ती आम्ही देऊ.