काचेतल्या बाळांच्या आया आणि तुझे अठरा प्रश्न

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय शुभा,

तुझं पत्र आणि सोबतचा प्रश्नसंच मिळाला. उत्तराला उशीर झाला. आमच्या नवजात बाळांच्या कक्षात एकही वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) रिकामा नाही आणि गणपती तोंडावर आल्यामुळे निम्म्या स्टाफचे रजेचे अर्ज पडलेत.

तू विचारलंस, दिवस भरायच्या आत झालेल्या बाळांच्या आयांना अंगावर पाजण्याबद्दल किती खात्री वाटते, हे गुणांत मोजता येतं का? येतं. पण बेरीज करून फाईल कपाटात टाकणार असशील, तर त्या बायकांना त्रास देऊ नकोस.

ही खात्री मोजायची संशोधक सिंडी-ली डेनिस यांची मूळ प्रश्नावली ३३ विधानांची, १९९९ची. २००३ मध्ये ती १४ वर आली. प्रत्येक विधानाला १ (अजिबात खात्री नाही) ते ५ (कायम खात्री), म्हणजे एकूण १४ ते ७०. पण ज्या बाईने बाळाला अजून नीट हातातही घेतलेलं नाही, तिला 'एका बाजूचं पिऊन झाल्यावरच दुसऱ्या बाजूला घेता का' हे विचारायचं तरी कुठल्या तोंडाने? म्हणून २०१३ मध्ये आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांसाठी १८ विधानांची निराळी आवृत्ती तपासली गेली. तू तीच निवडलीस, छान केलंस.

आता तिच्यातली अडचण ऐक. सगळी विधानं होकारार्थी आहेत, आणि आपल्याकडे सिस्टरने विचारलं की बाई 'हो' म्हणून मोकळी होते. त्यातून सासू शेजारी डबा घेऊन बसलेली असली की संपलंच. अळिवाची खीर, मोरी माशाचं कालवण, सगळं बाळंतिणीचं दूध वाढावं म्हणून भल्या पहाटे करून आणलेलं. त्या डब्यासमोर 'मला दूध पुरेल असं वाटत नाही' असं कोण म्हणेल? तेव्हा प्रश्न दुपारी विचार, नातेवाइकांना बाहेर काढल्यावर. आणि कागद तिच्या हातात देऊ नकोस, बोलता बोलता विचार. लिहिता येणाऱ्या बायकासुद्धा कागद पाहिला की परीक्षेला बसल्यासारख्या होतात.

मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो तो एकच प्रश्न: बाळाला पुरेसं दूध मिळालं की नाही, हे तुम्हाला कळतं का? बाकी सगळीकडे चार-पाच देणाऱ्या बायका इथे एकवर येतात.

जयगडची एक बाई आहे. नवरा ट्रॉलरवर, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यापासून समुद्रात. बाळ एकतिसाव्या आठवड्यातलं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो, त्यामुळे तोवर नळीनेच. पहिल्या दिवशी हाताने पिळून काढलेला चीक सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढाच. तरी ती रात्रीसुद्धा उठून काढायची. मग एमएल वाढत गेले, आणि दर वेळी सिरिंज उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, मला दाखवायचा, वहीत लिहायचा. नळीनंतर बोंडलं आलं, तेही मोजूनच. शेवटी बाळाला अंगावर घेतलं. छान लागलं, गिळल्याचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. आणि ही मान वर करून म्हणते, "सिस्टर, पण किती गेला ओ?"

तिचं काय चुकलं सांग! कित्येक आठवडे आपण तिला शिकवायचं की जे मोजलं ते खरं, आणि घरी पाठवायच्या तोंडावर म्हणायचं, आता आकडा विसर, बाळाकडे बघ. तिच्या दुधात काही कमी नव्हतं, तिचं माप आपण काढून घेतलं होतं. घरी गेल्यावर अशीच बाई बाटलीकडे वळते, कारण बाटलीवर रेघा असतात.

म्हणून मी तुला सुचवेन, प्रश्न दोनदा विचार. एकदा बाळ नळीवर असताना, एकदा घरी सुट्टी मिळायच्या तीन-चार दिवस आधी. सुट्टीच्या दिवशी विचारून काय उपयोग? रिक्षा खाली उभी असते. बेरजेपेक्षा सगळ्यात कमी गुण कुठे पडले ते बघ आणि उरलेले दिवस त्याच्यावर घालव. 'पुरलं का कळत नाही' म्हणाली, तर तिच्याजवळ बसून गिळणं ऐकव, ओले लंगोट मोजायला लाव, वजन रोज सकाळी एकदाच कर. प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर वजन करणारे आहेत, मला ते फारसं पटत नाही. पुन्हा आकड्याचाच नाद. 'घरच्यांसमोर पाजता येत नाही' म्हणाली, तर सासूला बोलावून कांगारू पद्धतीने, म्हणजे अंगाला अंग लावून, बाळ सासूच्याच छातीशी बांध. आमच्याकडे सासवा यात फार पटकन विरघळतात.

हे सगळं ज्याच्यावर उभं आहे, तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांचा १९७७चा विचार. माणसाला 'मला जमेल' हे कशामुळे वाटतं? स्वतःला एकदा जमलं म्हणून, आपल्यासारख्या कुणाला जमताना पाहिलं म्हणून, कुणी धीर दिला म्हणून आणि त्या वेळी शरीर-मन ठिकाणावर होतं म्हणून. आपला सगळा जोर तिसऱ्यावर, म्हणजे बोलण्यावर. माझा अनुभव विचारशील तर दुसरं कारण भारी पडतं. तपासणीला आलेली जुनी आई आपलं गुटगुटीत पोर घेऊन पाच मिनिटं कक्षाबाहेरच्या बाकावर बसली, की माझ्या आठवडाभराच्या बडबडीपेक्षा जास्त काम होतं. जयगडवालीला मी मुद्दाम अशाच एकीजवळ बसवलं. दोघी कुजबुजत होत्या, मी लांबच राहिले. संध्याकाळी तिने वही मागितली नाही.

त्या दिवसाचे तिचे गुण मी घेतले नाहीत. घ्यायला हवे होते असं तू म्हणशील, म्हण बापडी.

प्रश्नावली वापरायला डेनिसबाईंची परवानगी लागते, ते पत्र आधी मिळव. तुमच्या संशोधनाच्या समितीची मंजुरीही त्यावर अडू शकते. ते झालं की मराठी मसुदा पाठव, आमच्या दोन-तीन आयांना वाचून दाखवते. फोन चारनंतर कर, त्याआधी मी राउंडमध्ये असते.

तुझी,
मंदा