फरशीला ॲसिड लावू नकोस

बडोदे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीला काका-काकू परत यायच्या आत रावपुऱ्यातल्या घराची फरशी ॲसिडने धुऊन घेणार, असं तू फोनवर म्हणालास. माणूसही ठरवलास म्हणे. हे करू नकोस, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितोय.

तुमच्या मधल्या खोलीत कोटा दगडाची फरशी आहे आणि देवघरात संगमरवर. दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिड पडलं की फसफसतं, लोकांना वाटतं मळ निघतोय. पण त्या मळाबरोबर दगडही विरघळत असतो. पॉलिश गेली की फरशी खरखरीत होते आणि पुढे चहाचा थेंबसुद्धा आत मुरतो. ओटीवरच्या मोझेकमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी, म्हणजे तिथेही तेच. लिंबू, व्हिनेगर, अभिषेकाचं दही, देवाची भांडी घासतानाची चिंच यांनीही संगमरवरावर फिके डाग पडतात. सांडलं की तिथल्या तिथे पुसायचं. आणि ॲसिडवाल्या बाटलीत किंवा बादलीत ब्लीच कधीच घालू देऊ नकोस, क्लोरीन वायू सुटतो.

रोजची झीज मात्र मातीने होते. झोपाळ्याखालची जागा बघ, पाय घासून तिथलीच चमक आधी जाते. काठिण्याच्या मोजपट्टीवर वाळूतला क्वार्ट्झ 7 आणि संगमरवर 3 च्या आसपास, मग ओरखडे उठणारच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आत्याच्या घरात शिरलं होतं. गाळ ओला असतानाच पाण्याने लोटायला हवा होता. वाळल्यावर खराट्याने खरवडला गेला आणि अख्ख्या हॉलभर रेघा उमटल्या. म्हणून आधी मऊ झाडूने केर, कोपऱ्यांतला आणि झोपाळ्याखालचा नीट, मगच पोतेरं.

पुसताना दोन बादल्या घ्यायच्या, एक पुसायला, एक पोतेरं खळबळायला. दगडाला चालणारा सौम्य साबण, तोही थोडाच. जास्त झाला की चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. पोतेरं थेंब गळेनासं होईपर्यंत पिळायचं, पाणी गढूळ झालं की लगेच बदलायचं. बोअरचं पाणी असलं तर मागून कोरडं फडकं फिरवायचं, म्हणजे पांढरे डाग उरत नाहीत. तू वरच्या खोलीत लॅमिनेट बसवलंयस, तिथे तर नुसतं दमट फडकं. सांध्यांत पाणी गेलं की फळ्या फुगतात.

काकू पाण्यात खडे मीठ टाकतात, ते त्यांच्या श्रद्धेचं आहे, मी मोडायला सांगणार नाही. फक्त नंतर एकदा साध्या पाण्याने पुसून घ्यायला सांग, मीठ दगडाच्या छिद्रांत साचून त्याला पोखरतं.

रविवारी मी किल्ली घेऊन जातो, एका कोपऱ्यात साबणपाण्याने पुसून रंग किती वर येतो ते कळवतो. जिथे पॉलिश खरंच गेली असेल तिथे डायमंड पॅडने घासणारा पॉलिशवाला बोलावू. त्या ॲसिडवाल्याला मात्र आजच नाही म्हणून सांग.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक